तुम्ही सांगाल ते आमच्या पोटात राहील

संस्थेत काम करणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. अहवालात त्यांना जागा नसते, मीटिंगमध्ये वेळ नसतो, मग ते चहाच्या वेळेला बाहेर पडतात. आमच्याकडे सगळ्यात जास्त साचले ते वेबसाईटचे. लोकांना हे खरं वाटत नाही. जंगलातल्या गावांत फिरणारी माणसं तुम्ही, तुमचे किस्से वाघाचे असायला हवेत, असं म्हणतात. तेही आहेत. पण वाघाच्या किश्शात शेवटी एक तर वाघ पळतो, नाही तर माणूस. वेबसाईटच्या किश्शात काय होईल ते सांगता येत नाही.

नावं सगळी बदलली आहेत, आणि ज्यांचे किस्से आहेत त्यांना विचारूनच सांगते आहे. एवढी अक्कल आम्हाला ठेच लागूनच आली.

आमची संस्था सावली या गावात आहे. दोन खोल्या, एक पडवी आणि मागे शिबिराचा हॉल. दारू सोडायची असेल त्याला आम्ही मदत करतो. दहा दिवसांचं शिबिर असतं, मग वर्षभर गाठीभेटी. वेबसाईटवर एक फॉर्म आहे. तो भरला की माझ्या कॉम्प्युटरवर येतो. मी सुनंदा, मूल गावची. ऑफिसात सगळे मला सुनंदाबाई म्हणतात.

गोहणे साहेब आमचे प्रमुख. ऊर्जानगरला विजेच्या कारखान्यात सगळी नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर इथे आले. तिथे मशीनवर काम चालू असलं की त्याच्या बटणाला कुलूप लावून आपल्या नावाची पाटी अडकवायची पद्धत. ज्याच्या नावाची पाटी, त्यानेच ती काढायची. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. आमच्या फॉर्मांनाही साहेबांनी तोच नियम लावला. जो फॉर्म माझ्या हाती आला तो मीच बघायचा आणि साहेबांशिवाय कुणाशी बोलायचं नाही.

तिसऱ्या शेवंताबाई. जंगलातल्या एका गोंड गावच्या. गावोगाव फिरून बायकांना जमवणं, शिबिराचा स्वयंपाक सांभाळणं, ही त्यांची कामं. आपल्या गावच्या दारूबंदी समितीच्या त्या अध्यक्ष. कायदा कधी बंदी घालतो, कधी उठवतो. शेवंताबाईंच्या गावात मात्र त्यांनी एकदा हातभट्टीची मडकी फोडली ती फोडली, परत लागू दिली नाहीत.

* * *

वेबसाईट नागपूरच्या लोकांनी करून दिली होती. तळाशी एक लांबलचक इंग्रजी पान होतं, लोकांची खाजगी माहिती आम्ही कशी सांभाळतो त्याचं. ते कधीच कुणी वाचलं नव्हतं. गोहणे साहेबांनी वाचलं. हा माणूस कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रकही शेवटपर्यंत वाचतो.

वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "सुनंदाबाई, आपलं कुणाशी भांडण झालं तर कॅलिफोर्नियाच्या कोर्टात जावं लागणार आहे."

"कुठी?"

"अमेरिकेत. आणि इथे लिहिलंय, लोकांच्या माहितीवरून आपण त्यांना आकर्षक ऑफर पाठवतो. दारू सोडणाऱ्याला आपण कसली ऑफर देतो हो?"

कुठून तरी उचलून चिकटवलेलं पान होतं ते. साहेबांनी ते काढलं आणि स्वतः मराठीत लिहायला बसले. चार दिवस लिहीत होते. पाचव्या दिवशी पडवीत वांगी चिरत बसलेल्या शेवंताबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिलं वाक्य संपेपर्यंत त्यांची चार वांगी झाली.

"कळलं का?" साहेबांनी विचारलं.

"कळलं, साहेब. पण इतकं काऊन लिहिता? जो इतकं बोलते त्याच्या पोटात काई राहत नाई. लिहा ना सरळ, तुम्ही सांगाल ते आमच्या पोटात राहील."

साहेबांनी कागदाची घडी घातली. मग आत गेले आणि चार दिवसांचं लिखाण बाजूला ठेवलं. आज आमच्या वेबसाईटवर मोठ्या अक्षरात तेच वाक्य आहे. कोणती माहिती घेतो, कुठे ठेवतो, नको असेल तर कशी पुसतो, हे सगळं खाली बारीक अक्षरात. बारीक अक्षरातलं साहेबांचं, मोठं शेवंताबाईंचं.

* * *

फॉर्मही मराठीत आला आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकाही आल्या.

एका आठवड्यात एकाच गावातून दोन फॉर्म आले. पहिल्याला फोन केला. "भाऊ, दारू सोडायचा फॉर्म भरला ना तुम्ही?" पलीकडून आवाज आला, "बाई, मी माळकरी माणूस. मी कायले भरू?" दुसऱ्याला केला, तर तो चहासुद्धा पीत नव्हता! दोघं सरपंचपदाला एकमेकांविरुद्ध उभे होते, आणि दोघांच्या माणसांनी समोरच्याचं नाव आमच्याकडे घालून दिलं होतं. फॉर्म पोचल्याचं दाखवायला मोबाईलवर फोटो काढून गावभर फिरवलाही होता.

साहेबांनी नियम केला. फॉर्म ज्याचा त्यानेच भरायचा, आणि आपण बोलायचं ते फक्त त्याच्याशी. बायको, भाऊ, बाप, पुढारी, कुणाशी नाही.

दोघांतले माळकरी भाऊ निवडून आले. सत्काराला आम्हाला बोलावलं आणि भाषणात म्हणाले, "विरोधकाईनं मले दारुडा ठरवलं. ज्याले संस्थेनं स्वतः फोन करून विचारलं, असा मी एकटाच सरपंच."

* * *

आता ठेच. ही आमचीच चूक, म्हणून मी ती लपवत नाही.

फॉर्ममध्ये फोन नंबर असतो. शहरात नंबर म्हणजे एका माणसाचा. आमच्याकडे काही गावांत रेंज येते ती एका ठिकाणी, मारुतीच्या पाराजवळ नाही तर कुणाच्या दुकानात. मग अख्खं गाव नंबर देतं तो दुकानदाराचा. आम्हाला हे माहीत होतं. कॉम्प्युटरला माहीत नव्हतं. फॉर्म आला की तो आपोआप मेसेज पाठवायचा: दारू सोडण्यासाठी तुमचा अर्ज मिळाला आहे, अभिनंदन.

एका गावच्या दुकानदाराला तो मेसेज गेला. खाली नाव नव्हतं. दुकानदार भला माणूस. कुणाचा असेल तो बिचारा वाट बघत असेल, म्हणून त्याने संध्याकाळी दुकानासमोर उभं राहून मेसेज मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "कोणाचा हाये बापा हा?"

कुणी बोललं नाही. कसं बोलणार?

हे आमच्या कानावर आलं त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. डबा तसाच परत गेला. त्यांनी मेसेजच बंद केला. शिबिराच्या दिवशी आम्ही दारात उभे होतो, तो माणूस आता येत नाही असं धरूनच. तर त्या गावाहून पाच जण उतरले. एक मोठ्या मिशांचा भाऊ म्हणाला, "फॉर्म एकानंच भरला होता. पण कोणी भरला ते ओळखू येऊ नये म्हणून मंग आम्ही सगळेच आलो."

त्यातला फॉर्मवाला कोण ते मला माहीत होतं. बाकीच्या चौघांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

* * *

त्यानंतर फॉर्ममध्ये साहेबांनी एक नवीन प्रश्न घातला: तुमच्याशी कसं बोलायचं? आणि खाली मोकळी जागा सोडली. त्या जागेत काय काय येतं म्हणून सांगू! "बैलबाजारात भेटा." "फोन करा, मी खोकललो तर ठेवून द्या." "मी विमा घेतो म्हणून बोला." एका सासरेबुवांनी लिहिलं, "सून उचलते. तिले म्हणा, धानाच्या बियाण्याबद्दल बोलाचं हाये." त्या सुनेनं मला तांदळाच्या जातींबद्दल एवढं विचारलं की मी कृषी सहायकाला फोन करून शिकून घेतलं.

पुसण्याचंही तसंच. दारू सुटलेला एक भाऊ मुलीचं लग्न जमल्यावर आला. "माझं नाव काढून टाका," म्हणाला. साहेबांनी लगेच त्याच्यासमोर पुसलं. तो हलेना.

"कुठी गेलं ते?"

"गेलं. संपलं."

"दिसलं नाई जाताना."

साहेबांनी सर्व्हर समजावला, बॅकअप समजावला. तो ऐकून घ्यायचा आणि परत विचारायचा. शेवटी शेवंताबाई म्हणाल्या, "साहेब, जाळून दाखवा. जळलेलं माणसाले दिसते." पण जाळायचं काय? कागद तर कधी नव्हताच, आणि कॉम्प्युटरमधलं पुसून झालेलं. मग त्याच भाऊने बसून फॉर्म परत भरला. मी त्याचा प्रिंट काढला, साहेबांनी तो परत पुसला, आणि कागद आम्ही स्वयंपाकघरातल्या चुलीत घातला. त्यावर चहा झाला. तो पिऊन भाऊ समाधानाने गेला.

* * *

मग मुंबईहून मदत देणाऱ्या एक मॅडम आल्या. मनाने चांगल्या. पण त्यांना वेबसाईटवर चेहरे हवे होते. "लोकांना गोष्ट दिसली पाहिजे," म्हणाल्या. साहेब म्हणाले, चेहरा मिळणार नाही. मॅडमनी विचारलं, पाठमोरे चालतील का? आमच्याकडे माणूस अर्ध्या मैलावरून चालीवरून ओळखतात, पाठ तर दूरची गोष्ट. शेवटी तडजोड झाली. शिबिराच्या हॉलबाहेर काढलेल्या चपलांचा फोटो. मॅडमना फार आवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. एक म्हातारी बाई बोलत होती. "अवं बाई, ते निळ्या अंगठ्याची चप्पल आमच्या गणपतची हाये. म्याच तार लावून देल्ली होती. कसा हाये तो? जेवते का?"

फोटो काढून टाकला. तिथे आता शिबिराच्या विहिरीचा फोटो आहे. साहेबांनी टाकण्याआधी विहिरीत कुणी डोकावत तर नाही ना, ते मोठं करून पाहिलं.

* * *

आता पुढचं मी दोन माणसांची परवानगी घेऊन सांगते आहे. दोघांना वेगवेगळं विचारलं.

एका सकाळी आदल्या रात्री भरलेला एक फॉर्म उघडला. नाव वाचलं आणि माझा हात माऊसवरच राहिला. मनिराम. शेवंताबाईंचा नवरा. खाली नंबर होता तो संस्थेनेच शेवंताबाईंना दिलेल्या मोबाईलचा. घरात तेवढा एकच फोन. शेवंताबाई त्या वेळी माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसून शिबिराची भाजी मोजत होत्या.

त्याने काय लिहिलं होतं ते कळायला त्यांच्या गावचा एक ठराव माहीत हवा. दारू बंद केली तेव्हा प्रश्न आला देवाचा. पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला, मोहाच्या दारूची धार द्यावी लागते. ती वाडवडिलांपासूनची रीत. समितीने ठरवलं, देवापुरती एक बाटली गावात राहील, आणि ती गावातल्या सगळ्यात भरवशाच्या घरी ठेवायची. भरवशाचं घर कुणाचं? अध्यक्षबाईंचं.

मनिराम भाऊने लिहिलं होतं:

"मी देवाच्या वाट्याची पितो. प्यालो की पाणी टाकून ठेवतो. तीन सण झाले, देव पाणीच पिऊन राह्यला. मले सोडाचं हाये. माह्या बायकोले सांगू नका. तिले माहीत झालं तं ते मले काई म्हणणार नाई, पण अध्यक्षपद सोडन. मंग गावात कोणीच उरणार नाई."

मी स्क्रीन बंद केली. "काय झालं, सुनंदाबाई?" शेवंताबाईंनी विचारलं. "डोकं दुखून राह्यलं," मी म्हटलं. त्यांनी उठून माझ्यासाठी चहा ठेवला. दहा वर्षांपासूनची मैत्रीण समोर बसलेली, तिच्या घरातली गोष्ट माझ्या टेबलावर, आणि ती पोटात ठेवायला लावणारं वाक्य तिचंच.

साहेबांना सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पाटी ज्याच्या नावाची, त्यानेच काढायची."

* * *

"तुमच्याशी कसं बोलायचं" यात मनिराम भाऊने लिहिलं होतं, "बुधवारी बाजारात टोपल्या विकतो, तिथी."

मी बुधवारी गेले. बांबूच्या टोपल्या मांडून बसला होता. आजूबाजूला त्याच्याच गावची दोन माणसं. काय बोलणार? मी एक टोपली उचलली, भाव केला, आणि तो टोपली देताना हळूच म्हटलं, "फॉर्म मिळाला." तो म्हणाला, "बरं." एवढंच झालं. पुढच्या बुधवारी दुसरी टोपली. "शिबिर पुढच्या महिन्यात." "बरं." तिसऱ्या बुधवारी, "दहा दिवस राहावं लागेल." त्याने टोपली उलटीपालटी करून दाखवली आणि म्हणाला, "तेलंगणात मिरची तोडाले चाललो म्हणून सांगतो घरी. आमच्याकडचे जातेच." चौथ्या बुधवारी मी फक्त विचारलं, "भीती वाटते का?" तर तो म्हणाला, "बाई, इतक्या टोपल्या कुठी ठेवता?"

खरंच, ठेवायला जागा नव्हती. एका टोपलीत फायली, एकीत चार्जर, एकीत साहेबांची औषधं. एक साहेबांनी छत्र्यांसाठी घेतली. शेवंताबाई बाहेरगावच्या दौऱ्यावरून आल्या, त्यांनी एक टोपली उचलली, काठावरून बोट फिरवलं.

"हे आमच्या घरची हाये."

मी हातातली फाईल चाळायला लागले.

"काठाची गाठ त्यांचीच. दुसरं कोणी अशी मारत नाई." मग एकेक टोपली बघत गेल्या. सगळ्या तशाच. "इतक्या कायले घेतल्या, बाई?"

"चांगल्या असतात," मी म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही हे ऑफिसातल्या कपबशांनाही माहीत आहे.

शेवंताबाईंनी टोपली जागेवर ठेवली. "असतेत खऱ्या," म्हणाल्या. "मन लावून विणते तो. आताशा बोलत नाई फारसा." आणि स्वयंपाकघरात गेल्या. मला त्या क्षणी सगळं ओकून टाकावंसं वाटलं. मी उठून मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

* * *

शिबिर आठ दिवसांवर आलं तेव्हा आम्हाला कळलं की आम्ही किती बावळट आहोत. शिबिराचा स्वयंपाक शेवंताबाई करतात! दोन वेळा प्रत्येकाच्या ताटात त्यांचा हात जातो.

साहेबांनी रात्रंदिवस विचार करून मार्ग काढला. शेवंताबाईंना मुलचेऱ्याकडे पाठवायचं, तिथल्या बंगाली निर्वासितांच्या गावांतल्या बायकांच्या बैठका घ्यायला, बरोबर दहा दिवस. मार्ग चांगला होता. पण तो सांगणार होते साहेब, ज्यांनी नोकरीत कधी खोटी हजेरी लावली नाही.

"शेवंताबाई, तुमची ड्युटी यावेळी मुलचेऱ्याला."

"काऊन? शिबिर हाये ना?"

"हो."

"मंग स्वयंपाक?"

"बाहेरून सांगितलाय."

"काऊन पण?"

साहेबांनी चष्मा पुसला. "तांत्रिक कारण आहे," म्हणाले.

मी डोळे मिटले. शेवंताबाई म्हणजे भाजीत तेल किती यावरून अर्धा तास वाद घालणारी बाई. आता त्या साहेबांना उभे चिरतील, असं मला वाटलं. त्यांनी एकदा साहेबांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाल्या, आणि पदर खोचून निघून गेल्या.

* * *

मनिराम भाऊ शिबिराला आला. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. हात कापत होते, जेवण जात नव्हतं. दोनदा पिशवी भरून फाटकापर्यंत गेला. एकदा साहेब त्याच्याबरोबर फाटकात तासभर नुसते उभे राहिले. तो परत आत आला. पण जेवेना. आणलेला स्वयंपाकी हात जोडून सांगायचा, दोन घास खा. तो ताट सरकवायचा.

पाचव्या दिवशी सकाळी सावलीच्या स्टँडवरून शेवंताबाई चालत ऑफिसात आल्या. रविवारी गावी गेल्या होत्या, आता मुलचेऱ्याला परत निघाल्या होत्या; मध्ये बस बदलायची होती. बसल्या नाहीत. पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"लाखोरीच्या डाळीचे वडे हायेत. शिबिरात देऊन द्या."

"कुणाला?"

"मले काय माहीत तिथी कोण कोण हाये? तुम्ही तं सांगत नाई." त्या खिडकीबाहेर रस्त्याकडे बघत होत्या. "माह्या घरचा माणूस तिकडं मिरची तोडाले गेला. जेवणाचे हाल होत असतीन त्याचे. घरी केले, एकटीच्यानं खाववत नाई. ज्याले आवडतेत त्याले द्या."

मी डबा जवळ ओढून घेतला. त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"आणि डब्यावर नाव नाई, ते बरं हाये," म्हणाल्या, आणि बस पकडायला गेल्या.

मी डबा घेऊन मागे हॉलमध्ये गेले. सगळे सतरंजीवर बसले होते. मी दारातूनच विचारलं, "लाखोरीचे वडे कुणाला आवडतात?" सगळ्यांचे हात वर झाले. मनिराम भाऊने तेवढा हात वर केला नाही. तो माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होता.

मी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने झाकण काढलं आणि एक वडा उचलून वास घेतला. मग उठून प्रत्येकाच्या हातावर एकेक वडा ठेवत गेला, आणि उरलेले घेऊन भिंतीला पाठ लावून बसला. सावकाश खाल्ले, सगळे. पाच दिवसांत पहिल्यांदा त्याने पोटभर खाल्लं.

मग हापशीवर जाऊन डबा घासला, दुपट्ट्याने पुसला आणि पडवीत माझ्याजवळ आणून दिला.

"कोणाचा हाये ते मी विचारत नाई, बाई," तो म्हणाला. "ज्याचा असन त्याले एवढंच सांगा, यंदा मिरची चांगली हाये."